शिरवाळे

नारळी पौर्णिमा जवळ आली, की मालवणच्या किनाऱ्यावरील वाड्यावाड्यांतून नारळ सोलण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. जमिनीत रोवलेल्या सुळावर नारळ आपटावा, जोर लावून पिळावा आणि सोडण अलग करावे, असे ते काम. दोन महिने समुद्र खवळलेला असतो. होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांखाली झाकून ठेवलेल्या असतात, आणि जाळी पडवीत बसून विणली जात असतात. आज 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ होय. कायदा नव्हता तेव्हाही ही बंदी होतीच. ती लाटांनी घातलेली होती. श्रावणी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करावयाचा आणि मगच होडी पाण्यात लोटावयाची, ही या किनाऱ्याची जुनी रीत.

अशाच एका श्रावणात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मालवण तालुक्यातील एका लहानशा खेड्यात बारा वर्षांची एक मुलगी आपल्या मामांबरोबर आजोळी आली. आजी लहान होती तेव्हा मुंबईची माणसे आगबोटीने येत, आणि पावसाळ्यात आगबोट बंद असल्यामुळे येतच नसत. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि रात्री मुंबईस गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरू लागला. आईला कचेरीतून रजा मिळाली नव्हती. तिने मामांसाठी राखी मात्र मुलीच्या हाती दिली होती.

मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. वर्षातील सात-आठ महिने त्यांच्या पायांखाली जमीन नसे. पुष्कळ वर्षांनी ते नारळी पौर्णिमेला घरी येत होते, आणि येण्यापूर्वीच त्यांनी कळविले होते, "आई, या खेपेला शिरवाळे कर."

निरोप लहान होता, पण त्याने आजी विचारात पडली. शिरवाळे हे काही एकट्याने करावयाचे पक्वान्न नव्हे. तांदूळ धुऊन, वाळवून त्याचे पीठ करावे. त्याची उकड काढून मळावी. तिचे मुटके करून ते पुन्हा उकळत्या पाण्यात शिजवावेत. आणि शिजलेला मुटका गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबावा. साच्याच्या तळाशी छिद्रांची चकती असते. तिच्यातून पांढऱ्याशुभ्र शेवयांची लड खाली उतरते. एकाने साच्याचा लांब दांडा दाबायचा आणि दुसऱ्याने खाली केळीचे पान धरून शेवया अलगद गोळा करायच्या. गूळ आणि वेलची घातलेल्या नारळाच्या रसात या शेवया बुडवून खातात. खाणाऱ्याला ते सारे पाच मिनिटांचे असते.

आजीबरोबर हा दांडा दाबीत त्या पलीकडच्या घरातील वैनी. तीस-पस्तीस वर्षे दोघींनी मिळून शिरवाळे केले होते. दोन वर्षांपूर्वी वैनींच्या मुलाने त्यांना मुंबईला नेले आणि त्या घराला कुलूप लागले. कोकणातील कित्येक घरे अशीच आता गणेशचतुर्थीपुरती उघडतात, दिवे लागतात, आरत्या होतात, आणि पुन्हा बंद होतात. वैनी गेल्यापासून आजीने साचा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता.

पौर्णिमेच्या सकाळी मामा माड उतरविण्यासाठी वाडीत गेले. ते परत येण्यापूर्वीच शिरवाळे तयार ठेवावेत, असे आजीच्या मनात आले. तिने साचा खाली काढला, घासूनपुसून स्वच्छ केला आणि चुलीवर पाणी ठेवले.

"तू दांडो धरशीत?" तिने नातीला विचारले.

मुलगी आनंदाने तयार झाली. पाणी तापेपर्यंत आजी तिच्याशी बोलत राहिली. या घरात भिंतीवर दिनदर्शिका होती, पण आजीला तिची फारशी गरज पडत नसे. महिना ती चुलीवरच्या पदार्थावरून ओळखी. वैशाखात आमरस उन्हात वाळवून साठे घालावयाची, फणसाच्या पोळ्या वाळवावयाच्या. पाऊस लागला की हळदीला पाने फुटतात. ती चांगली हातभर झाली, की नागपंचमी येते. त्या दिवशी घरात काही चिरावयाचे नाही, तळावयाचे नाही. म्हणून हळदीच्या पानावर तांदळाचे वाटलेले पीठ पसरून, त्यात गूळखोबरे घालून, पान दुमडून पातोळ्या वाफवावयाच्या. पान काढून टाकले तरी त्याचा वास पातोळीत राहतो. भाद्रपदात मोदक, आणि वेलीवर मोठी झालेली तवशी किसून त्यांचे धोंडस. दिवाळीला नव्या भाताचे पोहे. थंडी पडली की देवळांच्या जत्रा सुरू होतात, दशावताराचे खेळ रात्रभर रंगतात, आणि जत्रेहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खाज्याची पुडी असते. बेसनाच्या जाड कांड्या तळून त्यांवर गुळाचा आणि आल्याचा पाक चढविला, की ते मालवणी खाजे झाले. चावताना दातांची परीक्षा घेणारे, पण एकदा तोंडात टाकले की दुसऱ्याकडे हात जाणारे!

"आणि शिरवाळे कधी करायचे?" मुलीने विचारले.

"सणाक, नायतर घरचा माणूस लांबसून येता तेव्हा," आजी म्हणाली.

पाणी खळखळू लागले. पहिला मुटका साच्यात पडला. मुलीने दांडा धरला आणि सारा भार त्यावर टाकला. पहिल्या शेवया खाली उतरल्या. त्यांतून दाट वाफ वर आली, आणि त्या वाफेत आजीचे दोन्ही हात दिसेनासे झाले. मुलगी घाबरली. आजीचे हात भाजतील या भीतीने तिने दांडा सोडून दिला.

"दाब गो, थांबू नको!" आजी म्हणाली. "पीठ गार झाला काय मगे साच्यातसून येवचा नाय."

मुलीने पुन्हा दांडा धरला, पण हात कचरत होते. थोडे दाबावे, वाकून आजीच्या हातांकडे पाहावे, पुन्हा थोडे दाबावे, असे चालले. शेवया तुटू लागल्या. दुसरा मुटका तर अर्ध्यातच घट्ट झाला, दांडा हलेना. तिसऱ्याची तीच गत. शेवटी आजीने साच्यातील गार पीठ खरवडून बाहेर काढले. ती रागावली नाही. "फुकट काय जाना नाय," एवढेच म्हणून तिने ते गोळे गाईसाठी बाजूला ठेवले आणि नारळीभाताची तयारी सुरू केली. ती रागावली असती, तर मुलीला कदाचित बरे वाटले असते.

दुपारी राखी बांधून झाली, जेवणे झाली, आणि मामा तिला घेऊन मालवणला गेले. बंदरावर माणसांचा समुद्र लोटला होता. ढोल-ताशांच्या गजरात मिरवणुका येत होत्या. कोळी, व्यापारी, शेतकरी, लहान मुले, सर्वांच्या हाती नारळ होते. एका बाजूला नारळ लढविण्याचा खेळ रंगला होता. एकाने आपला नारळ हाती घट्ट धरावा, दुसऱ्याने त्यावर आपला नारळ मारावा. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा! कोणता नारळ टणक हे पारखून घेणारी म्हातारी माणसे दुकानापुढे नारळ कानाशी धरून, नखाने वाजवून पाहत होती.

समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा होता. 1664 साली कुरटे नावाच्या बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली आणि 1667 साली तो पुरा झाला. पावसाळ्यात प्रवासी होड्या किल्ल्यावर जात नाहीत. म्हणून तो किनाऱ्यावरूनच पाहावयाचा.

"त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत," मामा म्हणाले. "चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! त्यांची नावे ठाऊक आहेत? दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव."

एरव्ही या नावांवर मुलीने दहा प्रश्न विचारले असते. आज ती नुसती "हो" म्हणाली. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग तिला बंदराच्या कठड्यावर बसविले, आणि हळूहळू सकाळची सारी हकीकत काढून घेतली.

ती ऐकून ते हसले नाहीत. काही वेळ ते पाण्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी एक फार दूरची गोष्ट सांगावयास घेतली.

एका डिसेंबरात त्यांचे जहाज जपानमधील योकोहामा बंदरात लागले होते. नवे वर्ष चार दिवसांवर आले होते. शहरात फिरताना एका देवळाच्या आवारात त्यांना गर्दी दिसली. मध्यभागी एक मोठे लाकडी उखळ होते. त्यात वाफविलेला भात ओतला होता. जपानात त्यासाठी चिकट जातीचा वेगळा तांदूळ असतो. एक तरुण लाकडी मोगरी डोक्यावर उचलून त्या भातावर घाव घालीत होता, आणि उखळाजवळ बसलेली एक वृद्ध बाई दोन घावांच्या मधल्या क्षणी पाण्यात बुडविलेला हात उखळात घालून तो गोळा उलटवीत होती. मोगरी वर, हात आत. हात बाहेर, मोगरी खाली. दोघे एका तालात ओरडत होते. कांडता कांडता भाताचे दाणे नाहीसे झाले आणि त्याचा लवचीक, चकचकीत असा एकच गोळा झाला. या पदार्थाला तेथे मोची म्हणतात. त्याचे दोन गोल पेढे एकावर एक ठेवून, वर एक आंबट नारिंग ठेवून, तो नव्या वर्षाच्या देवापुढे मांडतात. त्या नारिंगाचे नाव दाईदाई. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ होतो पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून ते शुभ.

"त्या म्हातारीच्या हाताला लागत नसे?" मुलीने विचारले.

"मलाही तीच भीती वाटली. मोगरी चांगली जड होती. मग तेथल्या लोकांनी माझ्या हाती मोगरी दिली. मी काय केले असेल? घाव घालताना मध्येच कचरलो. मोगरी हवेत थांबली. त्या म्हातारीने झटकन हात मागे घेतला आणि डोळे वटारून माझ्याकडे पाहिले! तिला माझ्या घावाची भीती नव्हती. मी थांबलो याची होती. ताल चुकला की कोणाचा हात कोठे असेल, हे दुसऱ्याला कसे कळणार?"

मुलगी काही बोलली नाही. पण ती आता मामांकडे पाहत होती.

मामांनाही मग बोलण्याची गोडी लागली. त्या देशातील लोक ऋतू कसे खातात, ते त्यांनी सांगितले. वसंतात चेरीची झाडे फुलली, की लाल कडधान्याचे गोड पुरण भरलेली गुलाबी मोची खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळून खातात. ते पान खाल्ले तरी चालते. "ती तोंडात टाकली आणि मला आपली पातोळी आठवली. पान निराळे, देश निराळा, पण पानाने वास द्यावा आणि भाताने तो धरून ठेवावा, ही युक्ती एकच!" 5 मे हा तेथे मुलांचा दिवस. त्या दिवशीची मोची ओकच्या जातीच्या एका झाडाच्या पानात बांधतात. ते पान खात नाहीत. त्या झाडाचे जुने पान नवा कोंब फुटेपर्यंत गळत नाही, असे म्हणतात. म्हणून घराण्याची ओळ अखंड राहावी अशा इच्छेने ते पान निवडले आहे.

संध्याकाळी सागराला नारळ अर्पण झाला. लाटेने तो एकदा परत आणला, मग आत नेला. परतीच्या एस.टी.त मुलीला मामांनी शरदातल्या पौर्णिमेची गोष्टही सांगितली. त्या रात्री जपानी माणसे गवताचे तुरे आणि तांदळाच्या पिठाचे वाफविलेले गोळे ठेवून चंद्र पाहतात. आणि चंद्रावरच्या डागांत त्यांना उखळात मोची कांडणारा ससा दिसतो.

"पण चंद्रावर ससा तर आपलाच आहे!" मुलगी म्हणाली. "शशांक म्हणजे ज्याच्या अंगावर सशाची खूण आहे तो. आम्हाला शाळेत शिकवले आहे."

"आपलाच," मामा म्हणाले. जातककथांत एक ससा आहे. दाराशी भुकेला अतिथी आला. माकडाने आंबे दिले, इतर प्राण्यांनी जे मिळाले ते दिले. सशापाशी गवताखेरीज काही नव्हते. तेव्हा अतिथीला अन्न मिळावे म्हणून त्याने स्वतः अग्नीत उडी घेतली. अतिथी साक्षात इंद्र होता. त्याने तो अग्नी थंड केला आणि सशाची आठवण राहावी म्हणून त्याचे चित्र चंद्रावर काढले. बौद्ध भिक्षूंबरोबर ही कथा दूरवर गेली. चीनमध्ये चंद्रावरचा ससा औषध कुटतो, आणि जपानात पोहोचल्यावर तो मोची कांडू लागला. ज्या घरी ज्या कामाची घाई, ते काम पाहुण्याच्या हाती द्यावे, तसेच हे!

घरी आली तेव्हा आजी पडवीत वाती वळीत बसली होती. मुलगी सरळ आत गेली. साचा सकाळच्याच जागी होता, धुतलेला. पिठाच्या डब्याचे झाकण उघडून तिने पाहिले. निम्मे पीठ शिल्लक होते.

"आजी, पाणी ठेवू?"

आजीने वाती खाली ठेवल्या. मामा म्हणाले, "दांडा मी धरतो." पण मुलगी म्हणाली, "नको, मीच." मामांनी मग नारळ फोडला आणि ते खवणीवर बसले.

या वेळी मुटका साच्यात पडताच तिने डोळे आजीच्या हातांवरून काढून दांड्यावर ठेवले. पाय जमिनीवर टेकेनात, इतका भार तिने त्यावर टाकला. वाफ वर आली. आजीचे हात वाफेत गेले.

"माझ्या हाताक काय होना नाय," आजी खालून म्हणाली. "दाब."

ती दाबीत राहिली. दांडा खाली, आणखी खाली, आणि अगदी तळाला टेकला. आजीने केळीचे पान बाहेर ओढले. त्यावर न तुटलेल्या शेवयांची एक सबंध लड गुंडाळलेली होती. दुसरा मुटका. तिसरा. चौथ्याला आजी "हं" म्हणू लागली आणि त्या "हं"वर मुलगी दाबू लागली. मग कोण कोणाची वाट पाहत होते, हे सांगणे कठीण झाले. मुलीचे तळहात लाल झाले. एका मुटक्याला दोघींचा मेळ चुकला आणि शेवया चुलीपुढच्या जमिनीवर पडल्या. तेव्हा दोघीही इतक्या हसल्या, की मामा रसाचे भांडे घेऊन पाहावयास आले.

ढग होते, पण जेवताना घटकाभर ते बाजूस झाले आणि खळ्यात चांदणे पडले. पानावर शेवया, वाटीत गुळाच्या रंगाचा दाट रस. मामांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी आजीला त्या ओकच्या पानाची गोष्ट सांगितली. आजीने ती लक्ष देऊन ऐकली.

"झाड शहाणा आसा," ती म्हणाली, आणि तिने नातीच्या पानावर आणखी एक लड वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचा उन्हात वाळला. मुलीने माळ्यावरून गोणपाट आणून दिले. आजीने ते झटकले, घडी घातली आणि परत तिच्या हाती दिले. साचा तिने पडवीतच, भिंतीला टेकवून ठेवला. चतुर्थीला एकोणीस दिवस राहिले होते, आणि तेव्हा पलीकडच्या वैनी येणार होत्या.